मुद्देमाल : एक टोपी

सेंट लुईस नगरास भेट देणारा प्रवासी मिसिसिपीच्या काठी उभ्या असलेल्या 630 फूट उंचीच्या पोलादी कमानीपाशी प्रथम जातो, तिच्या पोटातून वर नेणाऱ्या लहानशा डब्यात बसतो, माथ्यावरील अरुंद खिडक्यांतून पूर्वेस इलिनॉयची सपाटी व पश्चिमेस मिझुरीची वस्ती न्याहाळतो आणि या देशाचा विस्तार येथून पश्चिमेकडे कसा झाला याची माहिती घेऊन समाधानाने खाली उतरतो. मीही तसेच केले; परंतु माझ्या येण्याचा हेतू निराळा होता. 1890 ते 1899 या काळात या नगरात जे तीन खून पडले त्यांच्या जागा मला पाहावयाच्या होत्या. तिन्ही घटनास्थळे एकमेकांपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर होती, तिन्ही प्रकरणे गरीब वस्तीतील होती, आणि एरवी पोलिसांच्या दफ्तरात बांधून पडावीत व वाळवीने खावीत अशी ती प्रकरणे असूनही तिन्हींवर गाणी रचली गेली. पुढे ब्लूज गाणाऱ्यांनी ती आपलीशी केली आणि सातासमुद्रापलीकडे पोहोचविली.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर ज्यांचे बालपण पोसले गेले त्या पिढीतील मी एक वाचक. ब्लूज संगीत माझ्या कानी पडले ते पुष्कळ उशिरा. परंतु पडले तेव्हा प्रथम जाणवले ते हे की, हे गायक तीन-चार मिनिटांत एक संपूर्ण गुन्हेकथा सांगत आहेत, आणि ती सांगण्याची त्यांची रीत मला ठाऊक असलेल्या सर्व रीतींहून वेगळी आहे. गुन्हेकथेचा इतिहास लिहिणारे पंडित एडगर ॲलन पोच्या 1841 मधील कथेपासून आरंभ करतात, आणि तो आरंभ मान्यच करावयास हवा. पो प्रेतापासून मागे जातो, खुणा जुळवितो, बुद्धीच्या बळावर कारणापर्यंत पोहोचतो. सेंट लुईसच्या या गाण्यांतील कथा मात्र तकरारीपासून पुढे चालू लागते. खुनी कोण हे तीत प्रथमपासूनच सर्वांना माहीत असते, आणि तरीही श्रोता जागचा हलत नाही. आधुनिक शहरी गुन्हेकथेला दोन उगम आहेत व त्यांपैकी एक या धक्क्यावरील दगडांतून निघतो, असे माझे मत होते. ते प्रत्यक्ष पाहून पारखावे म्हणून मी आलो होतो.

ते दगड अद्याप आहेत. ईड्स पुलाच्या पायथ्याशी नदीकडे उतरत जाणारा फरसबंदीचा उतार आहे. 1874 साली खुल्या झालेल्या त्या पुलाच्या पोलादी कमानी आजही डोक्यावरून जातात. येथे एके काळी आगबोटी ओळीने लागत, आणि त्यांवरील कापूस, धान्य व पिंपे चढविणारे-उतरविणारे हमाल रात्री याच उतारावर पाठ टेकीत. पुढे ब्लूजचा जनक म्हणून ज्याची ख्याती झाली तो डब्ल्यू. सी. हँडी 1890 च्या दशकाच्या आरंभी निष्कांचन अवस्थेत या नगरात येऊन पडला होता व त्यानेही या दगडांवर रात्री काढल्या होत्या, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. 1914 साली त्याने ‘सेंट लुईस ब्लूज’ प्रसिद्ध केले त्याचे बीज या हलाखीत आहे. मी गेलो तेव्हा नदीला पाणी चढलेले होते आणि उताराचा खालचा भाग गढूळ पाण्याखाली होता. वर मात्र मोटारी उभ्या करण्याची सोय केलेली दिसली.

धक्क्यापासून पश्चिमेकडे चालू लागले म्हणजे जुन्या मॉर्गन स्ट्रीटचा प्रदेश लागतो. हे नाव आता नकाशात नाही. त्या रस्त्याचा पश्चिमेकडील भाग डेलमार म्हणून ओळखला जातो, आणि त्यावरील 2658 क्रमांकाच्या विटांच्या घरात रॅगटाइमचा थोर रचनाकार स्कॉट जॉप्लिन विसाव्या शतकाच्या आरंभी राहत होता म्हणून ते घर राज्य सरकारने जतन केले आहे. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील शेतांवरून निघालेली कृष्णवर्णीय माणसे रेल्वेने व बोटीने येथे येत, आणि रेल्वेच्या यार्डात, धक्क्यावर, घोडागाड्यांवर, श्रीमंतांच्या स्वयंपाकघरांत काम मिळवीत. सायंकाळी त्यांना जावयास जागा असे ती दारूच्या गुत्त्यांची, आणि प्रत्येक गुत्त्यात एक पियानो असे. मार्केट स्ट्रीटवरील टॉम टर्पिनचे ‘रोझबड’ यांत सर्वांत नावाजलेले. गुन्हा, राजकारण आणि संगीत ही तिन्ही एकाच छपराखाली नांदत होती, हे ध्यानी घेतल्यावाचून पुढील हकीकत समजणार नाही.

1895 सालच्या नाताळची रात्र. अकरावा रस्ता व मॉर्गन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील बिल कर्टिसच्या गुत्त्यात ली शेल्टन नावाचा घोडागाडी हाकणारा इसम व धक्क्यावरील हमाल बिली लायन्स हे दोघे एकत्र पीत बसले होते. दोघांची ओळख होती; दोघेही खुशीत होते. बोलता बोलता विषय राजकारणावर गेला, शब्दाने शब्द वाढला, आणि लायन्सने शेल्टनच्या डोक्यावरील टोपी हिसकावून घेतली. शेल्टनने ती मागितली. लायन्सने दिली नाही. शेल्टनने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली, जखमी होऊन पडलेल्या माणसाच्या हातातून आपली टोपी घेतली आणि शांतपणे बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ही वार्ता थोडक्या ओळींत आली. तीत आरोपीचे नावही किंचित चुकीचे छापले गेले. लायन्स इस्पितळात मरण पावला. शेल्टनला अटक झाली.

आज त्या कोपऱ्यापाशी अधिवेशनांसाठी बांधलेल्या विशाल वास्तूच्या भिंती व मोटारींचे रस्ते आहेत. गुत्त्याचा दगडही उरलेला नाही. मी तेथे बराच वेळ उभा राहिलो, आणि मनात जो विचार घोळत होता तो असा. या घटनेची कारणमीमांसा करावयाची झाली तर सामग्री विपुल आहे. शेल्टन हा ‘फोर हंड्रेड क्लब’ या मंडळाचा पुढारी असून त्याचा ओढा डेमोक्रॅटिक पक्षाकडे होता. लायन्सचे नाते हेन्री ब्रिजवॉटर या रिपब्लिकन पक्षातील वजनदार गुत्तेमालकाशी होते. आणि लिंकनच्या पक्षाशी कृष्णवर्णीय मतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधून राहावे की नाही, हा त्या दशकातील नगराच्या राजकारणाचा जिवंत प्रश्न होता. सेसिल ब्राउन या लेखकाने 2003 च्या आपल्या ग्रंथात हा सर्व पट मोठ्या परिश्रमाने उलगडला आहे. गाण्याने मात्र यांतील एकही गोष्ट घेतली नाही. पक्ष गेले, मंडळे गेली, ब्रिजवॉटर गेला. राहिली ती टोपी. न्यायालयात मुद्देमाल म्हणून जी वस्तू हजर करावयाची ती या अनाम रचनाकारांनी कथेच्या मध्यभागी आणून ठेवली. पुढे जागोजागच्या गायकांनी तकरारीला जुगाराची जोड दिली, मरणाऱ्याच्या तोंडी बायकामुलांची काकुळती घातली, खुन्याला नरकात नेऊन तेथील सैतानावर हुकमत गाजवावयास लावले; परंतु टोपी त्यांनी सोडली नाही. कारण टोपी ही ज्याच्याजवळ दुसरी कोणतीही मिळकत नाही अशा माणसाची प्रतिष्ठा होती, आणि ती भर गुत्त्यात, ओळखीच्या मंडळीसमोर हिसकावली गेली होती. हे स्पष्टीकरण गाणे देत नाही. ते श्रोत्याला ठाऊकच असते.

कथालेखनाचा याहून मोठा धडा मला कोणत्याही पाठ्यग्रंथात आढळलेला नाही. ही गाणी रचली गेली तेव्हा ब्लूजचा बंध पुरता घडलेला नव्हता. ती मुळात कथागीते होती. पुढे जो बंध रूढ झाला त्यात बहुधा तीन ओळींचे कडवे असते. पहिली ओळ गायक म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. साक्षीच्या पिंजऱ्यातील माणसाला वकिलाने तोच प्रश्न पुन्हा विचारावा आणि दुसऱ्या खेपेस तेच शब्द उच्चारताना त्याचा आवाज बदलावा, तसे त्या दुसऱ्या ओळीचे होते. शब्द तेच, पण आता त्यांत भय शिरलेले असते, आणि तिसऱ्या ओळीची वाट पाहणे श्रोत्याला असह्य होते. शहरी गुन्हेकथेतील तोकडी वाक्ये, अर्धवट संवाद, कारण न सांगता कृती सांगण्याची सवय, यांची तालीम या संगीतात झाली असे मी मानतो.

तीन प्रकरणांपैकी कालक्रमाने पहिले ते 1890 मधील. जेम्स ब्रेडी हा पोलीस शिपाई चार्ल्स स्टार्क्सच्या गुत्त्यात मारला गेला, हॅरी डंकनवर आरोप शाबीत झाला, अपील थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 1894 साली डंकनला फाशी देण्यात आली. त्या गाण्यातील शिपाई उर्मट आहे आणि त्याच्या मरणाचे दुःख गाणे करीत नाही, एवढे सांगून मी पुढे जातो. कारण तिसऱ्या प्रकरणाने मला या प्रवासात सर्वांत अधिक बेचैन केले.

टार्गी स्ट्रीट ही मार्केट स्ट्रीटजवळील एक लहानशी गल्ली होती. 1899 च्या ऑक्टोबरात त्या गल्लीतील 212 क्रमांकाच्या घरात फ्रँकी बेकर नावाच्या 22 वर्षांच्या तरुणीने ॲलन ब्रिट या आपल्या 17 वर्षांच्या प्रियकरावर गोळी झाडली. तो दुसऱ्या एका मुलीबरोबर नाचाच्या स्पर्धेस गेला होता आणि रात्री परतल्यावर भांडण झाले. त्याने सुरी उगारली तेव्हा मी गोळी झाडली, अशी फ्रँकीची जबानी होती. न्यायालयाने स्वसंरक्षणाची कैफियत ग्राह्य मानून तिला निर्दोष सोडले. परंतु ब्रिट मरण पावण्याच्या सुमारासच बिल डूली या स्थानिक गायकाचे त्यावरील गाणे रस्त्यावर ऐकू येऊ लागले होते. पुढे ॲलनचा ‘जॉनी’ झाला, एका गोळीच्या अनेक गोळ्या झाल्या, आणि न्यायालयाने जिला सोडले तिला कित्येक गायकांनी फासावर चढविले अथवा विजेच्या खुर्चीत बसविले. फ्रँकी मात्र जिवंत होती. हे गाणे जेथे पोहोचले नसेल अशा ठिकाणाच्या शोधात ती ओमाहास गेली, तेथून पॅसिफिकच्या बाजूस पोर्टलंडला गेली. गाणे तेथेही पोहोचले. चित्रपटांतही ती कथा आली तेव्हा तिने एका चित्रपटसंस्थेवर दावा लावला. तो 1942 साली सेंट लुईसमध्ये चालला व ती हरली. 1952 साली ओरेगॉन राज्यातील मनोरुग्णालयात तिचा अंत झाला.

टार्गी स्ट्रीट बुजवून त्यावर प्रथम एक सभागृह उठले, आणि त्या सभागृहाच्या जागी आज बर्फावरील हॉकीचे क्रीडागार उभे आहे. सामना असावा, निळे अंगरखे घातलेली कुटुंबे लगबगीने आत जात होती. त्या गर्दीच्या कडेला उभा असताना, टोपीच्या गाण्याने मला जो आनंद दिला होता त्याच्यासंबंधी प्रथमच मनात शंका उत्पन्न झाली. जी कला कारणे गाळून वस्तू ठेवते तीच कला निकालही गाळू शकते, आणि गाळलेला निकाल हे कुणाचे तरी उरलेले आयुष्य असते.

त्या रात्री साउथ ब्रॉडवेवरील एका जुन्या संगीतगृहात मी गेलो. खालच्या मजल्यावर विटांच्या भिंती, मागे लहानसा मंच, आणि त्यावर सत्तरीच्या पलीकडील एक गिटारवादक. त्यांनी फ्रँकीचे गाणे गायिले. परंतु ते फासाच्या कडव्यापर्यंत न जाता मध्येच थांबले व तारांवर हात ठेवला. मध्यंतरात मी त्यांच्यापाशी गेलो, नमस्कार केला आणि विचारले, “शेवटचे कडवे आपण का गाळलेत?”

“ते खोटे आहे म्हणून,” ते म्हणाले. “न्यायाधीशाने तिला सोडली. माझी आई याच शहरात मोलमजुरी करीत होती. तिने मला सांगितले होते, ती बाई सुटली, तू तिला पुन्हा लटकवू नकोस.”

“श्रोते मागत नाहीत का?”

“मागतात ना. त्यांना दोर हवा असतो. मी त्यांना दुसरे गाणे देतो.”

एवढे बोलून त्यांनी माझ्या गावाची चौकशी केली, मुंबईस समुद्र आहे हे ऐकून ते खूश झाले, आणि पुन्हा मंचावर गेले. त्यांच्या त्या एका वाक्यात जो विवेक होता तो मला फ्रँकीचा दावा ऐकणाऱ्या न्यायालयातही दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वॉशिंग्टन ॲव्हेन्यूवरील ब्लूज संग्रहालय पाहिले. 2016 साली उघडलेले ते संग्रहालय नीटस आहे; पण मला अधिक वेळ घालवावासा वाटला तो त्याच्या पश्चिमेस पसरलेल्या मिल क्रीक व्हॅलीच्या प्रदेशात. 1959 पासून नगराच्या अधिकाऱ्यांनी सुधारणेच्या नावाखाली 454 एकरांची ही वस्ती जमीनदोस्त केली आणि सुमारे 20,000 माणसे, बहुतेक सर्व कृष्णवर्णीय, तेथून उठविली. देवळे, दुकाने, गुत्ते, पियानो, सारेच गेले. खुनाची गाणी मात्र पाडता आली नाहीत, म्हणून त्या माणसांचा पत्ता शोधावयाचा तर आज तो गुन्ह्याच्या हकीकतींत शोधावा लागतो, ही गोष्ट मला फार दुःखद वाटली. ज्यांनी इस्त्री केली, मुले शिकविली, चर्चमध्ये गायिले, त्यांच्यावर कोणी कथागीत रचले नाही.

सेंट लुईसहून जेफरसन सिटीस जाणारी आगगाडी हर्मन गावाच्या अलीकडूनच मिझुरी नदीची सोबत धरते. एका बाजूस रुंद, मातकट प्रवाह आणि दुसऱ्या बाजूस चुनखडीचे कडे, असा हा रम्य मार्ग आहे. परंतु ली शेल्टनला 1897 मध्ये हातकड्या घालून राज्याच्या तुरुंगात नेले त्याचा विचार मनातून जाईना. पहिल्या खटल्यात पंचांचे एकमत झाले नव्हते. दुसऱ्यापूर्वी त्याचे नामांकित वकील नॅट ड्रायडन वारले. आणि मग 25 वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी कॅन्सस सिटीत त्याच्या नावाचे गाणे पियानोवर वाजू लागल्याची नोंद सापडते. माणूस कोठडीत आणि त्याची कथा गावोगाव, अशी ही विचित्र फाळणी.

जेफरसन सिटीचा तो तुरुंग नदीवरील उंचवट्यावर आहे. 1836 साली तो सुरू झाला, 2004 मध्ये बंद झाला, आणि आता प्रवाशांना तो दाखविण्यात येतो. 1868 साली कैद्यांच्याच श्रमाने उभी राहिलेली दगडी बराक आपण पाहतो. तीत शिरताच भर उन्हाळ्यात अंगावर गारवा येतो. आमच्या मार्गदर्शकाने येथे मुष्टियुद्ध शिकलेल्या सॉनी लिस्टनविषयी व गॅस चेंबरविषयी पुष्कळ सांगितले. शेल्टनला 1909 च्या नोव्हेंबरात येथून मुक्तता मिळाली. दोन वर्षांच्या आत तो पुन्हा मारहाण व लुटीच्या गुन्ह्यात आला, आणि 1912 साली तुरुंगाच्या इस्पितळात क्षयाने मेला. त्याची कबर सेंट लुईसजवळच्या ग्रीनवुड दफनभूमीत आहे, आणि तिच्यावर दगड बसला तो शंभर वर्षांनी.

याच गावात, शेल्टन भिंतीच्या आत असताना, 29 जुलै 1909 रोजी चेस्टर हाइम्सचा जन्म झाला. वडील लिंकन इन्स्टिट्यूटमध्ये लोहारकाम शिकवीत. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून 1866 साली ती शाळा स्थापिली; आज ते लिंकन विद्यापीठ आहे. टेकडीवरील त्याच्या आवारात मी एक शांत दुपार काढली. हाइम्सचे कुटुंब पुढे काही काळ सेंट लुईसमध्येही होते. 1928 साली, एकोणीस वर्षांचा असताना, ओहायोत सशस्त्र चोरी केल्याबद्दल त्याला 20 ते 25 वर्षांची शिक्षा झाली. 1930 च्या एप्रिलमध्ये त्या तुरुंगास आग लागली आणि 322 कैदी कोंडून मेले. हाइम्सने ते पाहिले, आणि कोठडीतून लघुकथा लिहावयास घेतल्या. 1934 साली ‘एस्क्वायर’ मासिकाने त्याची कथा प्रथम छापली ती नावाखाली नव्हे, 59623 या त्याच्या कैदी क्रमांकाखाली. पुढच्या कथेचा विषय ती आग होता. आजवर ज्याच्यावर गाणी रचली जात होती तो माणूस येथे प्रथमच स्वतः कथा सांगू लागला. फ्रँकी बेकरला न्यायालयात जे साधले नाही ते हाइम्सला कागदावर साधले, असे म्हणावयास मी कचरत नाही.

1936 मध्ये तो सुटला, पुष्कळ वर्षे उपेक्षेत लिहीत राहिला, आणि अखेर पॅरिसला गेल्यावर मार्सेल द्युआमेल या संपादकाच्या आग्रहावरून गुन्हेकथेकडे वळला. पहिल्याच कादंबरीला 1958 साली फ्रान्सचे गुन्हेकथेचे श्रेष्ठ पारितोषिक मिळाले. ‘अ रेज इन हार्लेम’ या नावाने ती आज इंग्रजीत वाचावयास मिळते. परतीच्या गाडीत मी ती पुन्हा उघडली. दफनविधी करणाऱ्याकडे नोकरीस असलेला जॅक्सन नावाचा भोळा मनुष्य दहा डॉलरच्या नोटांच्या शंभराच्या नोटा करून देणाऱ्या ठकांवर विश्वास ठेवतो, आयुष्यभराची पुंजी भट्टीत घालतो, आणि भट्टी फुटते. त्याची प्रेयसी इमाबेल त्याच धांदलीत नाहीशी होते. तिने त्याला फसविले आहे हे वाचकाला कळते, पोलिसांना कळते, साऱ्या हार्लेमला कळते. टार्गी स्ट्रीटच्या गाण्यात या जागी गोळी सुटली असती. जॅक्सन मात्र बर्फाळ रस्त्यांवरून, मारेकऱ्यांच्या आणि शिपायांच्या मधून, तिला शोधीत धावत राहतो. आणि ती सापडते तेव्हा तिच्याशी लग्न करावयास निघतो.